‘रसग्रहण करा’ आणि वाक्यातून हरवलेला कर्ता

‘चिकित्सक विचार’ हा शब्द अलीकडे महाविद्यालयांत फार स्वस्त झाला आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तो आला आणि तेव्हापासून अभ्यासक्रमाच्या पहिल्या पानावर, उद्दिष्टांच्या यादीत, तो न चुकता छापला जाऊ लागला. त्यावर कार्यशाळा होतात. पडद्यावर चौकोन, बाण आणि पायऱ्या दाखवल्या जातात. दुपारी जेवण आणि संध्याकाळी प्रमाणपत्र मिळते. मी अशा तीन-चार कार्यशाळांना बसले आहे. त्यांत एकाही व्याख्यात्याने असे सांगितलेले मला आठवत नाही, की या विचाराची चर्चा आपल्या भूमीत ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीच झालेली आहे आणि ती करणारा माणूस कोण होता.

ज्याला आज चिकित्सक विचार म्हणतात त्याची आधुनिक मांडणी शोधू लागलो तर जॉन ड्यूई यांच्या १९१० सालच्या ‘हाऊ वुई थिंक’ या पुस्तकापाशी जावे लागते. कोणतीही समजूत स्वीकारण्यापूर्वी ती कोणत्या आधारावर उभी आहे आणि ती मानली तर पुढे काय काय मानावे लागेल, हे चिकाटीने तपासणे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. हे ड्यूई कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांचे गुरू होते. १९३६ च्या ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये बाबासाहेबांनी हाच विचार जातीला लावून दाखवला. आगगाडीत बसलेला हिंदू माणूस नाइलाजाने जातीचे नियम मोडतो. प्रवास संपला की प्रायश्चित्त घेऊन पुन्हा जातीत शिरतो. परंतु जो नियम नेहमी पाळता येत नाही तो मुळात पाळायचाच कशासाठी, हा प्रश्न त्याला पडत नाही. तो का पडत नाही, याचे उत्तर बाबासाहेबांनी शास्त्रप्रामाण्यात शोधले. श्रुती, स्मृती आणि सदाचार हे तीन आधार दिले गेले की बुद्धीला जागाच उरत नाही. म्हणजे विचार न करणे हा त्यांच्या लेखी एखाद्या माणसाच्या मेंदूचा दोष नव्हता. ती एक व्यवस्था होती, शिकवली गेलेली आणि पिढ्यानपिढ्या राखली गेलेली.

हे ध्यानात घेतले तर वर्गाकडे पाहण्याची दृष्टी बदलते. ‘आजकालची मुले विचारच करीत नाहीत’ ही प्राध्यापक-कक्षातील आवडती तक्रार आहे. मी एका तालुक्याच्या गावी मराठी शिकवते. माझ्या घराण्यात पदवी घेणारी मी पहिली. समोर बसलेल्या पुष्कळ मुलामुलींचेही तसेच आहे. ही मुले विचार करीत नाहीत असे मला कधीच दिसले नाही. मजुरीचा दर, शिष्यवृत्तीचा अर्ज कोणत्या टेबलावर अडला, गावातल्या कोणत्या ओट्यावर बसायचे आणि कोणत्या नाही, याचा ती अत्यंत बारीक विचार करतात. तो केल्याशिवाय त्यांना जगताच येणार नाही. मग वर्गाच्या दारातून आत आल्यावर तो विचार कुठे जातो? माझे म्हणणे असे आहे, की तो दाराबाहेर ठेवून येण्याची सोय आपण केलेली आहे, आणि मराठीच्या वर्गात त्या सोयीचे नाव ‘रसग्रहण’ आहे.

रसग्रहण या शब्दाशी माझे वैर नाही. कवितेचा आस्वाद घ्यावा, तो दुसऱ्याला सांगावा, यात गैर काय? परंतु प्रश्नपत्रिकेतील ‘रसग्रहण करा’ ही आज्ञा आहे, आणि तिच्या पोटात एक गृहीत आहे. समोरची कृती चांगली आहे, हे आधीच ठरलेले आहे. ती कोणी ठरवली, कशावरून ठरवली, हे विचारायचे नाही. विद्यार्थ्याने फक्त ती चांगली कशी आहे ते सांगायचे. रस आधीच काढून ठेवला आहे. तू फक्त ग्रहण कर. प्रसादाला चव विचारत नाहीत, तसेच हे. दलित साहित्याला रसाची ही कसोटी पुरत नाही, हा वाद आपल्याकडे पुष्कळ झाला. शरद पाटील यांचे ‘अब्राह्मणी साहित्यांचे सौंदर्यशास्त्र’ आले, शरणकुमार लिंबाळे यांचे ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ आले. या पुस्तकांवर प्रबंध झाले, परिसंवाद झाले. परंतु पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या प्रश्नपत्रिकेतील क्रियापद बदलले नाही. दलित कविता अभ्यासक्रमात लागली, तेव्हा तिच्याही खाली ‘रसग्रहण करा’ असेच लिहिले गेले. ज्या कवितेने रसव्यवस्थाच नाकारली तिचे रसग्रहण करून पाच गुण मिळवायचे, यातला विनोद कोणाच्या ध्यानात आला नाही.

गाईडांनी या व्यवस्थेला हात दिला. दलित आत्मकथनावरील कोणत्याही प्रश्नाला एकच साचा चालतो. लेखकाने दलित जीवनाचे ‘दाहक’, ‘विदारक’ आणि ‘भीषण’ वास्तव ‘प्रभावीपणे’ मांडले आहे. पुस्तकाचे नाव बदलायचे, लेखकाचे नाव बदलायचे, विशेषणे तीच. आता तर गाईड विकत घ्यायचीही गरज नाही. मोबाईलमधल्या यंत्राला प्रश्न विचारला की तेही हीच विशेषणे क्षणात उतरवून देते. त्याने तरी ती कुठून आणावीत? आपणच इतकी वर्षे लिहून ठेवलेली आहेत.

या ‘विदारक’ शब्दावर थोडे थांबले पाहिजे. एका मुलीने अंतर्गत परीक्षेत लिहिले होते, की मेलेल्या जनावराच्या मांसाचे लेखकाने विदारक चित्रण केले आहे. मी तिला विचारले, ‘तुझ्या आजीने कधी चान्यांचं काही सांगितलंय का गं?’ आधी ती गप्प राहिली. मग इकडे तिकडे पाहून सांगू लागली, आणि दहा मिनिटे सांगत राहिली. मांसाच्या पट्ट्या कशा कापायच्या, दोरीवर कशा वाळत घालायच्या, कावळे राखायला कोणाला बसवायचे, विस्तवावर भाजताना वास कसा सुटायचा, पोरे एखादी चानी कशी पळवायची आणि मार कसा खायची. आजीला हे सांगताना हसू यायचे, असेही तिने सांगितले. त्या सगळ्यात विदारक हा शब्द एकदाही आला नाही. मी तिला तो अर्थासकट विचारला. ती म्हणाली, ‘मॅडम, ते पेपरात लिहायचं असतं.’

विदारक म्हणजे काळीज फाडणारे. परंतु कोणाचे काळीज? जो हे प्रथमच पाहतो आहे त्याचे. जिच्या घरात ते रोजचे होते तिने ‘विदारक’ लिहिले म्हणजे ती स्वतःच्या घराकडे पाहुण्याच्या डोळ्याने पाहू लागली. तिची आजी तिच्याच उत्तरपत्रिकेत दयेचा विषय झाली. आणि तिच्यापाशी असलेले ज्ञान, जे गाईड लिहिणाऱ्यापाशी असण्याची सुतराम शक्यता नव्हती, ते गुणपत्रिकेच्या बाहेर राहिले. चिकित्सक विचाराच्या नावाने आपण काही करणार असू तर त्याची सुरुवात येथून झाली पाहिजे. हे विशेषण कोणाच्या बाजूला उभे राहून दिलेले आहे, एवढा एक प्रश्न विद्यार्थ्याला विचारता आला तरी निम्मे गाईड कोसळते.

दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले. त्यावरचा ठरलेला प्रश्न ‘समाजचित्रण स्पष्ट करा’ असा असतो. आता हे पुस्तक मुळात कसे बेतलेले आहे? दगडू मारुती पवार हा माणूस आपली कहाणी दया पवार या माणसाला सांगतो आहे. दोघे एकच आहेत. शिकलेला, नोकरी करणारा, नाव झालेला एक. आणि त्याच्या आत बसलेला, त्याला कधी न सोडणारा दुसरा. स्वतःची गोष्ट सांगायला एका माणसाला दोन माणसे का लागली, हा माझ्या मते या पुस्तकाने विचारलेला मुख्य प्रश्न आहे आणि पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला तो कोणीही समजावून सांगण्याची गरज नाही. वसतिगृहात एका नावाने आणि वस्तीत दुसऱ्या नावाने हाक ऐकणारी मुले वर्गात बसलेली असतात. हे पुस्तक आले तेव्हा आपल्यातल्याच काहींनी त्याच्यावर रागही धरला. घरची घाण चव्हाट्यावर मांडली असे म्हटले गेले. तो राग बरोबर होता का? लेखकाला आपल्या माणसांविषयी किती सांगण्याचा अधिकार आहे? हे सगळे प्रश्न ‘समाजचित्रणा’च्या गोणीत भरून तोंड शिवून टाकले जाते.

मग वर्गात करायचे काय? मी पद्धतीचे शास्त्र मांडायला बसलेली नाही. एक गोष्ट मात्र गेली काही वर्षे सातत्याने करते आहे, ती येथे जरा विस्ताराने सांगते, कारण ती कोणत्याही वर्गात, एकही पैसा खर्च न करता करता येईल. तिला आम्ही ‘कर्ता शोधा’ असे म्हणतो.

मराठी व्याकरणात कर्त्याला लपायला भरपूर जागा आहेत. ‘अस्पृश्यता पाळली जात असे.’ ‘त्यांना पाणी मिळत नसे.’ ‘दोन गटांत वाद होऊन मारहाण झाली.’ ही वाक्ये आपण पाठ्यपुस्तकांत आणि वर्तमानपत्रांत रोज वाचतो. त्यांत कर्म आहे, क्रिया आहे, सोसणारा आहे; करणारा नाही. पाणी ‘मिळत नसे’, जसा पाऊस पडत नसे. वस्तीवर चालून आलेला जमाव आणि वस्तीतली माणसे हे ‘दोन गट’ होतात आणि त्यांच्यात ‘वाद’ होतो. विद्यार्थ्यांना मी सांगते, वाक्य कर्तरी करा. बातमी पुन्हा लिहा आणि प्रत्येक क्रियापदाला त्याचा धनी मिळवून द्या. जिथे मिळत नाही तिथे तो बातमीत का नाही, हे लिहा. प्रयोग ओळखा, हा शाळेत कंटाळवाणा वाटलेला धडा येथे एकदम जिवंत होतो.

एका वर्षी आम्ही ‘महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिण्यास अस्पृश्यांना बंदी होती’ हे वाक्य फळ्यावर लिहिले. कर्ता कोण? वर्गातून उत्तर आले, सरकार. मग तारखा लिहू लागलो. ऑगस्ट १९२३ मध्ये सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने आपले तळे खुले असल्याचा ठराव केला. म्हणजे २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो माणसांसह तळ्यावर गेले त्या दिवशी कागदोपत्री कोणतीही बंदी नव्हती! मग बंदी ‘होती’ म्हणजे कुठे होती? मुलांनी पुढचे पाहिले. पाणी प्याल्यानंतर गावात अफवा उठली, की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. परिषदेहून परतणाऱ्या माणसांवर हल्ले झाले. पुढे तळे शेण-गोमूत्राने शुद्ध करण्यात आले. (‘करण्यात आले’ येथे एका मुलाने लगेच हात वर केला, कर्ता राहिला होता.) त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात, दुसरी परिषद भरण्याच्या तोंडावर, सवर्णांनी दिवाणी दावा लावून मनाईहुकूम मिळवला. दावा दहा वर्षे चालला. तळे खाजगी आहे आणि अस्पृश्यांना मज्जाव ही पूर्वापार रूढी आहे, असे वादींचे म्हणणे होते. १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला, की अशी अनादि रूढी वादींना सिद्ध करता आलेली नाही.

या शेवटच्या गोष्टीवर वर्ग बराच वेळ रेंगाळला. ‘पूर्वापार’ हा शब्द आपल्या गावांत सर्व प्रश्नांचे उत्तर असतो. जत्रेचा मान पूर्वापार, स्मशानाची जागा पूर्वापार, पंगतीची ओळ पूर्वापार. आणि येथे एका न्यायालयाने विचारले, पूर्वापार म्हणजे कधीपासून, आणि पुरावा काय, तर पुरावा देता आला नाही. पुरावा मागणे ही कृती एवढी साधी आहे, आणि गावात उभे राहून ती करणे एवढे कठीण आहे.

त्याच तासाला एका मुलाने जो प्रश्न विचारला तो मला कोणत्याही कार्यशाळेत ऐकायला मिळाला नसता. ‘मॅडम, ठराव चोवीस साली झाला. मग सत्तावीसपर्यंत आपले लोक का गेले नाहीत?’ काही मुलांना हा प्रश्न आवडला नाही. बाबासाहेबांच्या लढ्यात खोट काढल्यासारखे त्यांना वाटले. परंतु प्रश्न खोट काढणारा नव्हता. ठराव आणि तळे यांच्यामधल्या अंतरात काय असते, हे तो विचारीत होता. मग उत्तरे आली. एकट्याने गेला असता तर दुसऱ्या दिवशी गावकीचे बलुते बंद झाले असते. किराणा बंद, काम बंद. जायला हजार माणसे लागतात आणि हजार माणसे जमवायला परिषद लागते. एका मुलीने आपल्या गावच्या हातपंपाची हकीकत सांगितली. ती येथे सांगण्याचा मला अधिकार नाही. इतिहासाचा हा तास मराठीच्या तासिकेत झाला याबद्दल कोणाला आक्षेप असेल तर असो.

आता दुसऱ्या बाजूचे पाहू. विद्यार्थ्यांना विचार करायला शिकवण्याचा सर्वमान्य उपाय म्हणजे वादविवाद स्पर्धा. ‘आरक्षण : शाप की वरदान?’ हा तिचा सदाबहार विषय. दोन्ही बाजू मांडल्या म्हणजे समतोल साधला, असे आयोजकांना वाटते. परंतु या व्यासपीठावर उभ्या राहणाऱ्या दोन मुलांची बाजू सारखी असते काय? एकासाठी तो एक विषय असतो. दुसऱ्याला त्या सभागृहात बसण्याचा स्वतःचा अधिकार टाळ्यांच्या जोरावर सिद्ध करून दाखवायचा असतो, आणि पुन्हा परीक्षक म्हणतात की तो भावनेच्या आहारी गेला. एकाच्या अस्तित्वाला वादाचा विषय करून दुसऱ्याच्या वक्तृत्वाला चषक द्यायचा, याला मी चिकित्सा म्हणत नाही. त्याऐवजी याच मुलांना सांगा, की आपल्या तालुक्यातील पाच कार्यालयांत, बँकेत, सूतगिरणीत, आपल्या स्वतःच्या संस्थेत कोण कोणत्या पदावर आहे, सफाईचे काम कोणाकडे आहे, कायम कोण आणि कंत्राटी कोण, ते पाहून या. मग वाद घाला. तिथे दोघांनाही सारखेच चालावे लागेल.

येथे एक रास्त शंका उपस्थित होते. प्रश्न विचारायला शिकवणे सोपे आहे; विचारलेल्या प्रश्नाची किंमत कोण भरणार? अंतर्गत गुण शिक्षकाच्या हातात असतात. एम्समधील अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या वागणुकीविषयी थोरात समितीने २००७ साली जो अहवाल दिला तो ज्यांनी वाचला आहे त्यांना हे नव्याने सांगायला नको. देशातल्या पहिल्या क्रमांकाच्या संस्थेत जे होते ते तालुक्याच्या कॉलेजात होत नसेल असे मानणे भाबडेपणाचे आहे. जात माहीत असलेल्या शिक्षकाला उलट प्रश्न विचारणे आणि जात लपलेली असताना प्रश्न विचारणे, यांत फरक आहे. सवर्ण मुलाने शंका काढली तर तो हुशार. आपल्या मुलाने काढली तर तो उर्मट. आणि मूल जर ‘न’ आणि ‘ण’ यांची गल्लत करीत असेल, ‘होतं’ऐवजी ‘व्हतं’ म्हणत असेल, तर त्याची शंका पूर्ण होण्याआधीच वर्गात खसखस पिकते. म्हणून माझ्या तासाला प्रमाणभाषेचा आग्रह लेखी उत्तरापुरता, तोही दुसऱ्या खर्ड्यापासून. पहिला खर्डा घरच्या बोलीत. काही सहकाऱ्यांना हे मराठीच्या प्राध्यापिकेला न शोभणारे वाटते. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे असे सांगितले, तेव्हा शिक्षक कोण असावा याविषयीही सांगितले होते. शेतकऱ्यांच्या मुलांत मिसळणारा, त्यांच्या गरजा जाणणारा शिक्षक त्यांना हवा होता. शिक्षकाचा प्रश्न त्यांनी शिक्षणाच्या प्रश्नापासून वेगळा केला नाही.

आणि शिक्षकाचे आज काय आहे? महाराष्ट्रातील महाविद्यालयांत किती तास ‘तासिका तत्त्वा’वर चालतात, हे वाचकांना ठाऊक आहे. मीही काही वर्षे तशी शिकवले आहे. त्या काळात एका संस्थेत, परीक्षेच्या कामाचे पैसे इतके महिने का थकले, असे मी लेखी विचारले होते. पुढच्या जूनमध्ये माझे तास दुसऱ्या कोणाला गेले. कारण देण्यात आले नाही. (‘देण्यात आले नाही’. येथे कर्ता मी जाणूनबुजून लपवते आहे, कारण तिथे माझ्या ओळखीची माणसे अजून तासिकेवर आहेत.) ज्याला दरवर्षी जूनमध्ये स्वतःची भाकरी मागावी लागते त्याने वर्गात निर्भय प्रश्नांचा धडा द्यावा, ही धोरणाची अपेक्षा आहे. चिकित्सक विचाराचे उद्दिष्ट छापणाऱ्यांनी कायम नेमणुकांविषयी एक ओळ छापली असती तर मी ते उद्दिष्ट अधिक गंभीरपणे घेतले असते.

परंतु सगळा दोष बाहेर टाकून मला मोकळे व्हायचे नाही, आणि या पानांच्या वाचकांपुढे तर नाहीच. आपल्या स्वतःच्या घरात काय चालले आहे? चळवळीच्या अभ्यासवर्गांत मी जाते. तेथे एखाद्या मुलाने शंका विचारली की ‘बाबासाहेबांनी सांगून ठेवले आहे’ असे उत्तर येते आणि चर्चा मिटते. कोणत्या ग्रंथात सांगितले, कोणत्या संदर्भात, कोणाला उत्तर देताना सांगितले, हे विचारले तर सांगणाऱ्याला माहीत नसते; आणि विचारणाऱ्याच्या निष्ठेविषयी कुजबूज सुरू होते. श्रुती, स्मृती, सदाचार गेले आणि त्यांच्या जागी आपण दुसरे प्रामाण्य बसवले, तर आगगाडीतल्या त्या माणसाहून आपण वेगळे कसे? केसपुत्ताच्या कालामांना बुद्धाने, परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा आपला गुरू सांगतो म्हणून मानू नका, असे सांगितले. बाबासाहेबांनी १९४३ साली पुण्यात रानड्यांवर बोलताना विभूतिपूजेवर कठोर टीका केली, आणि २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत राजकारणातल्या भक्तीविषयी इशारा दिला. हे इशारे आपण भित्तिपत्रकांवर छापतो आणि त्यांनाही हार घालतो.

‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ची दुसरी आवृत्ती कशी आहे, याकडे मी विद्यार्थ्यांचे लक्ष मुद्दाम वेधते. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने भाषण रद्द केले, बाबासाहेबांनी ते स्वतः छापले, आणि गांधीजींनी ‘हरिजन’मधून त्याला उत्तर दिले. १९३७ च्या आवृत्तीत बाबासाहेबांनी काय केले? गांधीजींचे लेख आपल्या पुस्तकात छापले आणि त्यांच्यापुढे आपले उत्तर छापले. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्याच शब्दांत वाचकाच्या हाती देऊन मग ते खोडून काढायचे. ज्याला स्वतःच्या युक्तिवादावर भरवसा असतो तोच असे करू शकतो. आपल्या अभ्यासवर्गांत प्रतिपक्षाचे मूळ लिखाण वाचायला देण्याची पद्धत किती ठिकाणी आहे?

त्याच्याही मागे जाता येते. १८५५ साली ‘ज्ञानोदया’त मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध आला. फुल्यांच्या शाळेतली चौदा वर्षांची मांग मुलगी. तिचा आता सर्वत्र गौरव होतो, फलकांवर चित्र येते, पण निबंध वर्गात सलग वाचला जात नाही. मी तो तासाला मोठ्याने वाचून घेते. तिची युक्तिवादाची पद्धत पाहण्यासारखी आहे. वेद ब्राह्मणांचेच आहेत आणि आम्हांला ते पाहण्याचा अधिकार नाही, हे प्रतिपक्षाचे विधान ती मान्य करते. आणि मग विचारते की असे असेल तर आम्ही धर्मपुस्तकाविना राहिलो, तेव्हा आमचा धर्म कोणता? प्रतिपक्षाचेच वाक्य घेऊन त्याच्या शेवटापर्यंत चालत जायचे. ड्यूईंचे पुस्तक निघायला अजून पंचावन्न वर्षे होती.

परंतु निबंध तिथे थांबत नाही, आणि वर्गात खरी शांतता पसरते ती पुढे. उच्चनीचतेचा हा रोग महारांनाही जडला असून तेही मांगांना खालचे मानतात आणि त्यांच्या सावलीचा विटाळ धरतात, असे मुक्ता लिहिते. हे वाचताना वाचणाऱ्याचा आवाज खाली येतो. वर्गात दोन्ही समाजांची मुले असतात. कोणी म्हणते, हे आता कशाला उकरायचे. कोणी म्हणते, आता तसे काही राहिले नाही. तेव्हा मागच्या बाकावरून कोणीतरी जयंतीच्या वर्गणीचे, नाहीतर लग्नाच्या स्थळाचे उदाहरण देते. पुढे इंग्रज सरकारची मुक्ताने केलेली स्तुती येते, आणि तिच्यावर प्रश्न उठतात : कंपनी सरकार खरेच इतके चांगले होते का? की पेशवाईतून बाहेर पडलेल्या माणसाला ते तसे दिसणे स्वाभाविक होते? निबंध मिशनऱ्यांच्या पत्रात छापून येणार होता, याचा त्याच्याशी संबंध असेल का? मुक्तावर असे प्रश्न विचारणे म्हणजे तिचा अपमान, असे एका कार्यकर्त्याने मला सुनावले. मला तसे वाटत नाही. तिने पंडितांना प्रश्न विचारले. तिच्या निबंधाला प्रश्न विचारणारी मुले तिचीच जातकुळी सांगतात. तिची पूजा करणारी कोणाची सांगतात, ते मी त्या कार्यकर्त्यालाच विचारले.

यंदाच्या अंतर्गत परीक्षेसाठी मी दोन प्रश्न दिले आहेत. पहिला, ‘बलुतं’मध्ये आपली हकीकत सांगायला लेखकाला दोन माणसे का लागली असावीत? दुसरा, मुक्ता साळवे हिच्या निबंधातील तुम्हांला न पटलेला एक मुद्दा मांडा आणि मुक्ता त्याला काय उत्तर देईल तेही लिहा. प्रश्नपत्रिकेसोबत नमुना उत्तर जोडण्याची रीत आहे. त्या रकान्यात मी एवढेच लिहिले, की विद्यार्थ्याने विधान केले असल्यास त्याला पुस्तकातील आधार दिला आहे काय ते पाहावे आणि विरुद्ध बाजू प्रामाणिकपणे मांडली असल्यास पूर्ण गुण द्यावेत. परीक्षा विभागाने कागद परत पाठवला आहे. नमुना उत्तर किमान दीडशे शब्दांचे हवे, असा त्यावर शेरा आहे. मी तोच कागद पुन्हा पाठवला आहे.